भरणाऱ्याला वाट दाखवणारा फॉर्म : वर्ड प्रोसेसरमध्ये टेम्प्लेट कसे तयार करावे

रजेच्या अर्जाचा एखादा जुना नमुना डोळ्यांसमोर आणावा. ‘नाव’ या शब्दापुढे टिंबांची लांब ओळ असते, ‘दिनांक’ या शब्दापुढे दोन तिरप्या रेघा असतात आणि ‘कारण’ या शब्दाखाली अधोरेषेची कळ दाबून ओढलेल्या दोन ओळी असतात. हा नमुना छापून पेनाने भरायचा असेल तर त्यात काहीच वावगे नाही. मात्र तोच संगणकावर उघडून भरायला घेतला की पहिल्या अक्षरासरशी टिंबे उजवीकडे सरकू लागतात, ओळ मोडून खाली येते, तिच्याखालची ओळ आणखी खाली जाते आणि भरणारा माणूस अर्ज भरायचे सोडून टिंबे खोडत बसतो.

कागदावरची रिकामी जागा खरोखर रिकामी असते. वर्ड प्रोसेसरमध्ये टिंबे, रेघा आणि मोकळी जागा हा सगळा मजकूरच असतो, आणि नवा मजकूर आला की जुना सरकतो. म्हणून छापील फॉर्मचे चित्र पडद्यावर उतरवण्याऐवजी, उत्तर कोठे लिहायचे, कशा स्वरूपात लिहायचे आणि किती लिहायचे हे भरणाऱ्याला न विचारता कळेल अशी रचना करावी लागते. ती कशी करावी, हे या लेखात रजेच्या अर्जाचेच उदाहरण घेऊन टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. मुख्य विवेचन मायक्रोसॉफ्ट वर्डच्या संगणकावरील आवृत्तीचे आहे. लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे स्वतंत्र परिच्छेद आहे. मेनूंची नावे इंग्रजी पडद्यावर दिसतात तशीच, पण देवनागरीत दिली आहेत.

टेम्प्लेट आणि साधी फाइल यांतला फरक

पुष्कळ ठिकाणी ‘रजेचा अर्ज कोरा’ अशा नावाची एक साधी फाइल सर्वांना पाठवलेली असते. कोणीतरी ती उघडतो, भरतो आणि सवयीने सेव्ह करतो. त्या क्षणापासून कोरा नमुना कोरा राहत नाही. टेम्प्लेट ही वेगळ्या प्रकारची फाइल असते. वर्डमध्ये तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉटएक्स’ (dotx) असते, आणि मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांचा संच, असलेले टेम्प्लेट असेल तर ‘डॉटएम’ (dotm). अशा फाइलवर दोनदा क्लिक केले की मूळ फाइल उघडत नाही; तिची नक्कल असलेला, अजून नाव नसलेला नवा दस्तऐवज उघडतो. मूळ नमुना जागच्या जागी सुरक्षित राहतो.

याच सोयीमुळे नवशिक्यांची एक फसगतही होते. टेम्प्लेटमध्ये दुरुस्ती करायची म्हणून त्यावर दोनदा क्लिक केले, दुरुस्ती केली आणि सेव्ह केले, तर दुरुस्ती त्या नक्कलेत राहते आणि मूळ टेम्प्लेट होते तसेच राहते. मूळ फाइलच उघडण्यासाठी तिच्यावर उजवे बटण दाबून ‘ओपन’ निवडावे, किंवा वर्डच्या आतून ‘फाइल’ मेनूतील ‘ओपन’ वापरावे.

दस्तऐवज टेम्प्लेट म्हणून साठवण्यासाठी ‘सेव्ह ॲज’मध्ये फाइलचा प्रकार ‘वर्ड टेम्प्लेट’ निवडावा लागतो. विंडोजवर हा प्रकार निवडताच वर्ड आपण होऊन फोल्डर बदलते आणि ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ या फोल्डरकडे जाते. फाइल हरवली असे वाटून पुन्हा पहिल्यापासून काम करणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून सेव्हचे बटण दाबण्यापूर्वी वर कोणते फोल्डर दिसते आहे ते नक्की पाहावे.

संगणकाआधी कागद

वर्ड उघडण्यापूर्वी फॉर्ममधील सर्व प्रश्नांची यादी एका कागदावर लिहावी. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराचा प्रकार कोणता, उत्तर जास्तीत जास्त किती लांब असेल आणि ते उत्तर पुढे कोण वाचणार आहे, या तीन गोष्टींची नोंद करावी. तिसरी नोंद सर्वांत उपयोगी ठरते, कारण वाचणारा कोणीच सापडला नाही तर तो प्रश्न फॉर्ममधून काढून टाकता येतो. जुन्या नमुन्यांवरून नवे नमुने तयार होत गेले की असे बेवारस रकाने पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतात, आणि भरणारा माणूस ते निमूटपणे भरत राहतो.

आपल्या उदाहरणातील प्रश्न असे धरू : नाव, विभाग, रजेचा प्रकार, रजेचा पहिला दिवस, शेवटचा दिवस, कारण, रजेच्या काळात काम कोणाकडे सोपवले आहे आणि संपर्काचा क्रमांक. विभाग आणि रजेचा प्रकार यांची उत्तरे ठरलेल्या मोजक्या पर्यायांतून निवडायची आहेत, तेव्हा तेथे ड्रॉप-डाउन, म्हणजे क्लिक केल्यावर खाली उघडणारी, यादी योग्य ठरेल. दोन तारखा आहेत. नाव, काम सोपवलेली व्यक्ती आणि संपर्क क्रमांक ही एका ओळीची उत्तरे आहेत. कारण मात्र दोन शब्दांतही संपू शकते आणि परिच्छेदभरही चालू शकते. किती लिहिणे अपेक्षित आहे हे आपणच ठरवून भरणाऱ्याला कळवावे लागेल.

याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे काम वर्ड प्रोसेसरचे आहे का? शेकडो लोकांची उत्तरे एका तक्त्यात गोळा करायची असतील तर संकेतस्थळावरचा फॉर्म बरा, आणि आकडेमोड मुख्य असेल तर स्प्रेडशीट बरी. ज्याचा शेवट वाचण्याजोग्या, छापण्याजोग्या किंवा स्वाक्षरी करण्याजोग्या दस्तऐवजात होणार आहे, त्याच कामासाठी पुढची मेहनत सार्थकी लागते.

सांगाडा : तक्ता आणि शैली

लेबल आणि उत्तर यांना एका रेषेत ठेवण्यासाठी स्पेसची कळ वारंवार दाबणे हा टिंबांच्या ओळीचाच धाकटा भाऊ आहे. त्याऐवजी दोन स्तंभांचा तक्ता घ्यावा, डावीकडे लेबल आणि उजवीकडे उत्तर अशी मांडणी करावी आणि नको असतील त्या बाजूंच्या रेषा अदृश्य कराव्यात. लेबले लांब असतील, आणि मराठीत ती बहुधा असतातच, तर लेबल वरच्या घरात आणि उत्तर खालच्या घरात ठेवणे अधिक सुटसुटीत दिसते.

तक्त्याची तीन सेटिंगे सुरुवातीलाच बदलून घ्यावीत. ‘टेबल प्रॉपर्टीज’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रीसाइझ टू फिट कंटेंट्स’ ही खूण काढून टाकावी, म्हणजे कोणी लांबलचक ई-मेल पत्ता लिहिला तरी स्तंभाची रुंदी बदलणार नाही. ओळीची उंची ‘ॲट लीस्ट’ या पर्यायाने ठरवावी, ‘एक्झॅक्टली’ या पर्यायाने कधीही ठरवू नये. दुसऱ्या पर्यायात उत्तर मोठे झाले की त्याचा खालचा भाग कापला जातो आणि छापील प्रतीत तो दिसतच नाही. तिसरे म्हणजे ओळ दोन पानांत तुटू देणारी परवानगी लहान उत्तरांच्या ओळींपुरती काढून घ्यावी.

त्यानंतर शैली, म्हणजे स्टाइल्स, तयार कराव्यात. फॉन्ट, आकार, अंतर अशा रूपाच्या नेमणुका एका नावाखाली साठवल्या की ती शैली होते. रजेच्या अर्जासाठी चार पुरेत : शीर्षक, लेबल, उत्तर आणि सूचना. परिच्छेदांमधील अंतर रिकाम्या ओळी टाकून न वाढवता शैलीतच वरचे व खालचे अंतर नेमून द्यावे. लेबल ठळक असावे आणि उत्तर साध्या वळणाचे असावे, हा माझा आग्रह असतो. भरलेला फॉर्म वाचणाऱ्याची नजर त्यामुळे प्रश्न आणि उत्तर यांत गोंधळत नाही.

मराठी फॉर्म करणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण बहुतेक मार्गदर्शिका रोमन लिपीसाठी लिहिलेल्या असतात आणि त्यांत पुढची गोष्ट सापडत नाही. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानते आणि प्रत्येक शैलीत रोमन मजकुराचा फॉन्ट व आकार वेगळा आणि देवनागरीचा वेगळा साठवते. शैलीचा फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरे जशीच्या तशी राहिली, किंवा नाव इंग्रजीत लिहिले तर मोठे आणि मराठीत लिहिले तर लहान दिसू लागले, तर त्यामागे हेच कारण असते. शैली बदलण्याच्या चौकटीतून ‘फॉरमॅट’ आणि मग ‘फॉन्ट’ उघडल्यावर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा स्वतंत्र भाग दिसतो. त्यातही फॉन्ट आणि आकार नेमून द्यावा. हा भाग दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांच्या यादीत आधी मराठी जोडावी.

फॉन्ट युनिकोडच, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीचा, असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली तरी फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठलेले असतात. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळा अर्ज अगम्य चिन्हांनी भरून जातो आणि त्यात मराठी शब्द शोधताही येत नाही. विंडोजबरोबर येणारा निर्मला यूआय हा फॉन्ट निवडला तर विंडोजवर तरी ही अडचण येत नाही. वेगळाच फॉन्ट हवा असेल तर ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या विभागातून फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याची सोय वापरावी. ओळींमधील अंतरही ‘एक्झॅक्टली’ या पर्यायाने बांधू नये, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात.

उत्तराच्या जागा : कंटेंट कंट्रोल

२००७च्या आवृत्तीपासून वर्डमध्ये ‘कंटेंट कंट्रोल’ नावाची सोय आली. कंटेंट कंट्रोल म्हणजे मजकुरात बसवलेली, स्वतःच्या सीमा असलेली उत्तराची जागा. तिच्यासाठी लागणारा ‘डेव्हलपर’ टॅब सुरुवातीला लपलेला असतो. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ या वाटेने जाऊन उजवीकडच्या यादीत ‘डेव्हलपर’पुढे खूण करावी. मग कर्सर उत्तराच्या घरात ठेवून हव्या त्या कंट्रोलच्या चिन्हावर क्लिक केले की तो तेथे बसतो.

मजकुराचे कंट्रोल दोन आहेत. ‘रिच टेक्स्ट’मध्ये ठळक अक्षरे, याद्या, तक्ते सगळे चालते, ‘प्लेन टेक्स्ट’मध्ये फक्त मजकूर चालतो आणि दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुराचा रंग व आकार गळून पडतो. फॉर्मसाठी जवळजवळ नेहमी ‘प्लेन टेक्स्ट’च निवडावा. ‘कारण’सारख्या उत्तरात एकाहून अधिक परिच्छेद येऊ शकतात, म्हणून त्या एका कंट्रोलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अलाऊ कॅरेज रिटर्न्स’ ही खूण करावी. नाव आणि संपर्क क्रमांक यांच्या बाबतीत ती करू नये, म्हणजे एंटरची कळ दाबूनही ओळ तुटणार नाही.

याच ‘प्रॉपर्टीज’च्या चौकटीत ‘टायटल’ आणि ‘टॅग’ असे दोन रकाने असतात. नवशिके ते रिकामे सोडतात. टायटल भरणाऱ्यासाठी असते : कंट्रोलवर क्लिक केल्यावर ते वरच्या लहानशा पट्टीत दिसते, आणि पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिबाधित व्यक्तीला आपण कोणत्या रकान्यात आहोत हे त्यावरून कळते. टॅग हे पुढे एखाद्या प्रोग्रॅमने उत्तर शोधून काढावे यासाठीचे अंतर्गत नाव असते. टायटल मराठीत, टॅग छोटा आणि कायम न बदलणारा, असे ठेवावे. तेथेच कंट्रोलमधील मजकुराला आपली ‘उत्तर’ ही शैली लावून द्यावी आणि ‘कंटेंट कंट्रोल कॅनॉट बी डिलीटेड’ या ओळीपुढे खूण करावी, म्हणजे उत्तर खोडताना जागाच खोडली जाणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग : कंट्रोल रिकामा असताना त्यात दिसणारे फिकट शब्द. वर्ड आपण होऊन तेथे ‘मजकूर लिहिण्यासाठी क्लिक करा’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य टाकते. क्लिक करायचे असते हे भरणाऱ्याला ठाऊकच असते. काय लिहायचे ते त्याला ठाऊक नसते. ‘डेव्हलपर’ टॅबवरचा ‘डिझाइन मोड’ चालू करून ते वाक्य बदलावे. डिझाइन मोड चालू न करता कंट्रोलमध्ये थेट टाइप केले तर ते शब्द सूचना न राहता उत्तर ठरतात, आणि भरणाऱ्याला ते हाताने खोडावे लागतात.

सूचनेची भाषा नेमकी असावी. ‘माहिती भरा’ यापेक्षा ‘रजेचा पहिला दिवस निवडा’ बरे, आणि ‘कारण लिहा’ यापेक्षा ‘रजेचे कारण एक-दोन वाक्यांत लिहा’ बरे, कारण अपेक्षित लांबी त्यातच सांगून होते. नावाच्या रकान्यात ‘नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव’ असा साचा द्यावा की फक्त ‘पूर्ण नाव’ म्हणावे, याचा निर्णय नोंदी पुढे कशा लावल्या जाणार आहेत यावर करावा. आडनावाच्या क्रमाने यादी करायची नसेल तर नावाचे तीन तुकडे मागण्यात अर्थ नाही, आणि सर्वांची नावे तीन भागांचीच असतात असेही नाही.

मात्र या फिकट शब्दांवर सगळा भार टाकू नये. पहिले अक्षर टाइप होताच ते नाहीसे होतात, म्हणून उत्तर लिहितानाही लागणारी सूचना लेबलाखाली ‘सूचना’ शैलीत, लहान अक्षरांत कायमची छापावी. शिवाय रकाना रिकामाच राहिला तर हे शब्द छापील प्रतीवरही उमटतात. ऐच्छिक रकान्यातील सूचना त्यामुळे अशी लिहावी की ती चुकून छापली गेली तरी विचित्र दिसू नये. ‘ऐच्छिक’ एवढा एकच शब्दही पुष्कळदा पुरतो. फिकट रंग फार फिका वाटत असेल तर ‘प्लेसहोल्डर टेक्स्ट’ या नावाची शैली गडद करावी. सर्व कंट्रोलमधील सूचना एकदम बदलतात.

निवडीच्या जागा

ड्रॉप-डाउन यादीत भरणाऱ्याला फक्त निवडता येते. ‘काँबो बॉक्स’मध्ये निवडता येते आणि स्वतःचे उत्तर लिहिताही येते. यादीच्या शेवटी ‘इतर’ असा पर्याय ठेवून शेजारी ‘इतर असल्यास लिहा’ असा आणखी एक रकाना जोडण्यापेक्षा एकच काँबो बॉक्स वापरणे सोपे पडते. पर्याय एकमेकांत मिसळणारे नसावेत आणि त्यांचा क्रम भरणाऱ्याच्या दृष्टीने सहज असावा. विभागांची नावे अकारविल्हे लावावीत, पण रजेच्या प्रकारांत नेहमी घेतली जाणारी रजा आधी ठेवावी.

पहिला पर्याय आधीच निवडून ठेवण्याचा मोह टाळावा. आपण ‘किरकोळ रजा’ निवडून ठेवली तर वैद्यकीय रजा घेणारा माणूसही घाईत ती तशीच सोडून देईल, आणि ती त्याने निवडली की आपण, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

चेकबॉक्स होय किंवा नाही अशा उत्तरासाठी असतो. वर्डच्या या कंट्रोलमध्ये खूण केल्यावर चौकटीत फुली उमटते. आपल्याकडे फुली मारणे म्हणजे रद्द करणे असाही अर्थ होत असल्याने, ‘मुख्यालय सोडणार आहे’ यापुढची फुली वाचून वाचणारा बुचकळ्यात पडू शकतो. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘चेक्ड सिंबल’ बदलून तेथे बरोबरची खूण निवडावी. अनेकांपैकी एकच पर्याय निवडायला लावणारी गोल बटणे मात्र कंटेंट कंट्रोलमध्ये नाहीत. चेकबॉक्स शेजारी शेजारी ठेवून ‘कोणताही एकच निवडा’ अशी विनंती केली तरी वर्ड दुसरी खूण अडवत नाही. अशा ठिकाणी ड्रॉप-डाउन यादीच वापरावी.

तारखेच्या कंट्रोलमध्ये दिनदर्शिका उघडते आणि तारीख ठरवून दिलेल्या स्वरूपात उमटते. ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हा घोळ टाळण्यासाठी महिन्याचे नाव अक्षरांत येईल असे स्वरूप निवडावे आणि भाषा मराठी करावी. एक मर्यादा लक्षात असू द्यावी : भरणाऱ्याने दिनदर्शिका न उघडता ‘पुढचा सोमवार’ असे टाइप केले तर हा कंट्रोल तेही निमूटपणे स्वीकारतो. कंटेंट कंट्रोल वाट दाखवतात; उत्तर तपासत नाहीत.

अर्ज केल्याच्या तारखेसाठी स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. मी केलेल्या सुरुवातीच्या एका टेम्प्लेटमध्ये ‘डेट’ हे फील्ड, म्हणजे वर्ड स्वतः भरते अशी जागा, वापरले होते, आणि पत्रांवर आजची तारीख आपोआप येते म्हणून सगळे खूशही होते. काही महिन्यांनी जुने पत्र पुन्हा छापण्याची वेळ आली तेव्हा त्यावर छापण्याच्या दिवसाची तारीख आली. ते फील्ड दर वेळी आजचीच तारीख दाखवते. टेम्प्लेटमध्ये ‘क्रिएटडेट’ हे फील्ड वापरले तर नवा दस्तऐवज तयार झाला त्या दिवसाची तारीख येते आणि तीच टिकते.

तेच उत्तर दोनदा विचारणे हाही एक दोष आहे. अर्जदाराचे नाव वर, मधल्या प्रतिज्ञेत आणि खाली स्वाक्षरीजवळ लागत असेल तर ते एकदाच लिहून घ्यावे. ‘इन्सर्ट’ टॅबवरील ‘क्विक पार्ट्स’मध्ये ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टी’ अशी यादी असते. तिच्यातील एकच गुणधर्म तीन ठिकाणी टाकला की एका जागी लिहिलेले उत्तर उरलेल्या दोन्ही जागी आपोआप उमटते. ज्या दस्तऐवजात ओळींची संख्या आधी सांगता येत नाही, उदाहरणार्थ बैठकीच्या इतिवृत्तातील निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि मुदत यांचा तक्ता, तेथे २०१३च्या आवृत्तीपासून आलेला ‘रिपीटिंग सेक्शन’ हा कंट्रोल पूर्ण ओळीभोवती लावावा. ओळीच्या शेवटी दिसणारे अधिकचे चिन्ह दाबले की तशीच नवी ओळ तयार होते.

जुनी फॉर्म फील्ड्स

‘डेव्हलपर’ टॅबवर ‘लेगसी टूल्स’ या नावाखाली आधीच्या पिढीची फील्ड्स अजून आहेत. त्यांच्या मजकुराच्या फील्डला कमाल लांबी ठरवून देता येते, आणि प्रकार संख्या किंवा तारीख असा नेमला तर चुकीचे उत्तर नाकारले जाते. त्यांचे तोटेही आहेत : दस्तऐवजाला संरक्षण लावल्याशिवाय ती चालत नाहीत आणि ड्रॉप-डाउन यादीत २५पेक्षा अधिक पर्याय बसत नाहीत. उत्तराची काटेकोर तपासणी अपरिहार्य असेल तरच ती वापरावीत, आणि एकाच फॉर्ममध्ये दोन्ही पिढ्यांची सरमिसळ करू नये.

कुलूप सर्वांत शेवटी

लेबले आणि सूचना चुकून बदलल्या जाऊ नयेत म्हणून फॉर्मला संरक्षण लावतात. ‘डेव्हलपर’ टॅबवर ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ उघडावे, दुसऱ्या भागात ‘फिलिंग इन फॉर्म्स’ निवडावे आणि ‘येस, स्टार्ट एन्फोर्सिंग प्रोटेक्शन’ हे बटण दाबावे. आता टॅबची कळ एका उत्तरावरून थेट पुढच्या उत्तरावर नेते, आणि हा भरणाऱ्याचा मोठाच फायदा आहे. हा प्रवास दस्तऐवजातील क्रमानेच, तक्त्यात ओळीमागून ओळ असा होतो. म्हणून शेजारी शेजारी दोन स्वतंत्र गट मांडले असतील तर कर्सर उड्या मारत असल्यासारखे वाटते. गट एकाखाली एक ठेवावेत.

फॉर्मच्या एखाद्या भागात मोकळेपणाने लिहू द्यायचे असेल तर त्या भागाच्या आधी व नंतर ‘सेक्शन ब्रेक’, म्हणजे दस्तऐवजाचे स्वतंत्र भाग पाडणारी खूण, टाकावा. त्यानंतर संरक्षणाच्या पटलावरील ‘सिलेक्ट सेक्शन्स’मध्ये जाऊन त्या भागाची खूण काढावी.

पासवर्ड विचारला जातो, पण तो देणे बंधनकारक नाही. हा पासवर्ड मजकूर सांकेतिक करत नाही. माहितगार माणूस तो ओलांडू शकतो. चुकून होणारे बदल थांबवणे एवढेच त्याचे काम आहे आणि ते बिनापासवर्डच्या संरक्षणानेही होते. पासवर्ड दिलाच तर तो निदान दोघांना ठाऊक असावा, नाहीतर तो देणारा बदलून गेल्यावर फॉर्ममधील एक शब्दही सुधारता येत नाही आणि नवा फॉर्म पहिल्यापासून करावा लागतो.

लिब्रेऑफिस रायटर वापरत असल्यास

रायटरमध्ये टेम्प्लेटच्या नावाच्या शेवटी ‘ओटीटी’ असते, आणि ‘फाइल’ मेनूतील ‘टेम्प्लेट्स’मधून दस्तऐवज टेम्प्लेट म्हणून साठवता येतो. ऑगस्ट २०२२मध्ये आलेल्या ७.४ या आवृत्तीपासून त्यातही कंटेंट कंट्रोल आहेत आणि ते ‘फॉर्म’ मेनूत सापडतात. जुन्या आवृत्तीत ‘प्लेसहोल्डर’ या प्रकारचे फील्ड उपयोगी पडते : त्यावर क्लिक करून टाइप केले की सूचनेच्या जागी उत्तर येते. रायटरची मला विशेष आवडणारी सोय म्हणजे तक्त्यातील घरांना वेगवेगळे संरक्षण देता येते. लेबलांची घरे निवडून ‘टेबल’ मेनूतून ‘प्रोटेक्ट सेल्स’ केले की फक्त उत्तरांची घरे लिहिण्यासाठी उरतात. दोन्ही प्रोग्रॅम वापरणाऱ्यांमध्ये एकच फॉर्म फिरणार असेल तर तो दोन्हींत भरून पाहिल्याशिवाय वाटू नये.

चाचणी आणि वाटप

तयार टेम्प्लेट आधी स्वतः तीनदा भरावे : एकदा पूर्ण रिकामे ठेवून, एकदा प्रत्येक रकान्यात शक्य तेवढे लांब उत्तर लिहून आणि एकदा संकेतस्थळावरून उचललेला रंगीत मजकूर चिकटवून. प्रत्येक वेळी छापून किंवा पीडीएफ करून पाहावे, कारण पडद्यावर नीट दिसणारा एक पानाचा अर्ज छापताना स्वाक्षरीची एकच ओळ दुसऱ्या पानावर ढकलतो, हे नेहमीचे आहे. त्यानंतर ज्याने हा फॉर्म कधीच पाहिलेला नाही अशा एका व्यक्तीला तो भरायला द्यावा आणि शेजारी गप्प बसावे. ती जेथे थांबेल, मागे वळेल किंवा ‘येथे काय लिहायचे?’ असे विचारेल, तेथील लेबल किंवा सूचना बदलावी. तोंडी उत्तर देऊन पुढे जाऊ नये. प्रत्येक भरणाऱ्याशेजारी आपण बसणार नसतो. फॉर्म फोनवर किंवा ब्राउझरमधल्या वर्डमध्येही भरला जाणार असेल तर तेथेही तो उघडून पाहावा, कारण या आवृत्त्यांत सर्व कंट्रोल संगणकावरच्यासारखे चालतात असे गृहीत धरता येत नाही.

वाटप करताना टेम्प्लेट सामायिक फोल्डरमध्ये, इतरांना फक्त वाचता येईल अशा परवानगीने ठेवावे. वर्डच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’खालील ‘फाइल लोकेशन्स’मध्ये ‘वर्कग्रुप टेम्प्लेट्स’ म्हणून त्या फोल्डरचा पत्ता नोंदवला की ‘न्यू’ निवडल्यावर सर्वांना तेथील टेम्प्लेट दिसू लागते. तळटीपेत आवृत्ती क्रमांक आणि दिनांक छापावा. टेम्प्लेटमध्ये नंतर केलेला बदल त्यावरून आधी तयार झालेल्या दस्तऐवजांच्या मजकुरात आपोआप उतरत नाही. त्यामुळे एखादा भरलेला अर्ज कोणत्या नमुन्यावरचा आहे हे तळटीपेतील त्या एका ओळीवरूनच कळते. नवी आवृत्ती जुन्याच नावाने त्याच जागी ठेवावी, म्हणजे कोणाचा शॉर्टकट तुटणार नाही, आणि बाद झालेली आवृत्ती नावात क्रमांक घालून इतरांना न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये हलवावी. कंट्रोलचे टॅग मात्र नव्या आवृत्तीतही जुनेच ठेवावेत.